माचीकडे सरकणारा ठिपका

९ नोव्हेंबर, रविवार

धुकं आज अजिंक्यताऱ्यावरून उतरून थेट आमच्या गल्लीत शिरलं. समोरच्या धोंडुबाईंचं अंगण दिसेना, नुसता त्यांचा खराटा ऐकू येत होता. असल्या सकाळी वाटतं, आपलं निम्मं काम झालंच की! गाव आपसूक गायब झालंय, आता त्या जागी दुसरं दाखवायचं तेवढं राहिलंय.

नव्या डायरीत एकदाच सगळं नीट लिहून टाकते, पुढं कंटाळा करणार हे मला माहीत आहे. मी राजनंदिनी निकम. घरात नंदे, बाबा चिडले की नंदी. पुण्याच्या गेम कंपनीतली नोकरी सोडून पावसाळ्यात साताऱ्याला परत आले आणि स्वतःचा खेळ करायला बसले. खेळ असा: फोन खिशात, इयरफोन कानात, आणि पेठापेठांतून चालायचं. जुन्या हौदाशी, तळ्याशी पोचलं की फोनला जागा कळते आणि माझा आवाज बोलायला लागतो. साताऱ्याच्या खाली दुसरा सातारा आहे. महादऱ्याच्या तळ्याचं पाणी पूर्वी ज्या खापरी नळांतून हौदांत यायचं, ते नळ म्हणजे त्या गावाचे रस्ते. आपला दिवस ती त्यांची रात्र. आपण पाय आपटून चाललो की खाली कुणाची तरी झोपमोड होते, म्हणून हळू चाला.

ह्या गोष्टी माझ्या नाहीत, ताईच्या आहेत. शाळेतून येताना प्रत्येक हौदाला कान लावून ती सांगायची, "ऐक, खालच्या शनिवार पेठेत लग्न आहे, ताशा वाजतोय." आणि मला ऐकू यायचा, खोटं कशाला बोलू!

ताईचं नाव प्रियदर्शनी, लाडानं पिऊ. आमच्या घरात हे नाव कुणी घेत नाही. आठ वर्षांपूर्वी तिनं वर्गातल्या, जातीबाहेरच्या मुलाशी लग्न केलं आणि बाबांनी मोरीत बसून तिच्या नावानं आंघोळ केली, मेलेल्या माणसाच्या नावानं करतात तशी. मी स्वयंपाकघरात होते. तांब्यामागून तांब्या, सगळं ऐकत होते. ती हुबळीला गेली एवढं कळलं, मग तिचा नंबर लागेनासा झाला.

मला ताई परत हवी आहे. एवढ्यासाठीच हा सगळा उपद्व्याप. शोधायचे बाकीचे मार्ग संपले, मग म्हटलं, तिच्याच गोष्टी गावभर पेरून ठेवू. कुठून तरी तिच्या कानावर जाईल, कधीतरी येईल, हौदाशी उभी राहील आणि ओळखेल. शुद्ध वेडेपणा आहे. असू दे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आजपासून चाचणी. खेळाची आतली सगळी खटपट अवधूतची. तो माझा कॉलेजातला मित्र, सांगलीत घरी बसून काम करतो. त्याचं म्हणणं, ज्याला फोनमधलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाच्या पिशवीत खेळ घालून गावभर फिरव, मग खोट कळेल. असं माणूस आमच्या घरात तयारच आहे.

"आगं, मला न्हाई त्यातलं काय कळत," आई म्हणाली. "हात लागून काय बिघाडलं म्हंजी?"

"काही बिघडत नाही. फोन पिशवीत टाक आणि रोजच्यासारखी हिंड. हौदाजवळ गेलीस की तो बोलेल."

ती कुठून कुठं गेली त्याची रेघ माझ्या स्क्रीनवर उमटते, हेही मी तिला सांगितलं. पण तेव्हा दूध वर येत होतं आणि तिचं लक्ष तिकडं होतं.

बाबा पेपराआडून म्हणाले, "पोरगी एवढी शिकली, आन् आता हौदाला बोलाय लावतीया." सुभेदार नाथाजी निकम, उभी हयात लष्करात गेली. बोलून झाल्यावर इस्त्रीचा शर्ट घातला, मिशीला कंगवा मारला आणि माजी सैनिकांच्या बैठकीला निघून गेले. दर मंगळवारी बैठक असते. चीनचा प्रश्न बहुतेक ह्यांच्याकडंच सोपवलाय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आईचं भजनी मंडळ गुरुवारी असतं. मी स्क्रीनला डोळे लावून बसले. रेघ काय सुंदर निघाली होती! मंगळवार तळं झालं, राजवाडा झाला. आता देवळाकडं वळणार म्हणावं, तर ठिपका वर सरकला तो सरकलाच. पार माची पेठेत, डोंगराच्या पायथ्याशी, एका बोळात जाऊन बसला. भजन सुटेपर्यंत तिथंच ठाण मांडून. मग शहाण्यासारखा घरी आला.

अवधूतला फोन केला. "होतं गं असं," तो म्हणाला. "वर डोंगर, दोन्हीकडं भिंती. सिग्नल भिंतीवर आपटून येतो, मग फोनला वाटतं आपण भलतीकडंच आहोत."

"आई बिचारी देवळात बसलीय आणि तुझा ठिपका उंडारतोय."

"माझा कसला? फोन तुझ्या आईचा."

जेवताना आईला विचारलं, भजन कसं झालं. "लय ग्वाड झालं," ती म्हणाली. डोळे जरा सुजलेले होते. ती भजनात रडते हे मला माहीतच नव्हतं. माणसं भक्तीत इतकी बुडू शकतात, आणि मी इथं बसून उपग्रह मोजतेय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पहाटे मंगळवार तळ्यावर आवाज रेकॉर्ड करायला गेले. पाण्यावर धुकं, धुक्यात एक बगळा, बाकी कुणी नाही. पायरीवर बसून हळू आवाजात वाचलं:

"थांब. वाकून बघ. पाण्यात जो दिवा दिसतोय तो आपल्या खांबावरचा नाही. खालच्या मंगळवार पेठेत कुणीतरी निजायच्या आधी दार उघडं ठेवलंय. त्यांच्याकडं दाराला कडी नसते. गेलेलं माणूस कुठल्याही वेळी परत येतं आणि ताटावर बसतं, कुणी विचारत नाही कुठं होतास."

शेवटचं वाक्य ताईचं नाही, माझं आहे. आपोआप तोंडात आलं. घरी येऊन ऐकलं तर आवाज थेट ताईसारखा. मग काय, बसले रडत. बगळ्याच्या पंखांची फडफडसुद्धा आलीय त्यात, ती तशीच ठेवणार.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळपासून घरात पुरणाचा वास. आईनं पोळ्यांचा डबा भरला, वर तुपाची वाटी.

"भजनाला पुरणपोळ्या?"

"आगं, शालूबाईला लय आवडत्यात."

भजनातल्या शालूबाईंना साखरेचा आजार आहे हे अख्ख्या पेठेला ठाऊक आहे. पण देवाच्या दारी कसलं पथ्य! आई नवं लुगडं नेसून गेली. हल्ली गुरुवार आला की तिची चालच बदलते, गुडघे दुखायचं विसरते. नामस्मरणात ताकद असते म्हणतात ते उगाच नाही.

आणि ठिपका? तोच बोळ, तीच जागा. आज तर नेहमीपेक्षा जास्त वेळ. माझं डोकं फिरलं. खेळणारा माणूस हौदाशी उभा आणि फोन म्हणतोय तो माचीत आहे, मग गोष्ट ऐकू कशी येणार? उद्या ताई आली आणि तिच्या फोननं असाच दगा दिला, तर? शनिवारी सांगलीला जाऊन अवधूतच्या मानगुटीवर बसणार.

२२ नोव्हेंबर, शनिवार, सांगली

एसटीत आष्ट्यापर्यंत झोपच लागली. जाग आली तर दोन्हीकडं ऊस, तुरे आलेला, आणि वाटलं आपण पाण्याखालून चाललोय.

अवधूतच्या आईनं, पद्माकाकूंनी, गेल्या गेल्या ताट वाढलं आणि म्हणाल्या, "तुमच्या दोघांचा हा खेळ संपणार कधी आणि माणसात येणार कधी?" अवधूत भाकरीत तोंड घालून बसला.

दुपारी तो मला हरिपूरला घेऊन गेला. चिंचांच्या सावलीतला रस्ता, पुढं संगम. कृष्णा आणि वारणा एकमेकींत मिसळताना आवाजच करत नाहीत. तिथली हळदीची पेवं दाखवली, म्हणजे जमिनीखालच्या कोठ्या, वरून नुसतं एक तोंड. आत वर्षानुवर्षं हळद झोपलेली असते. "आपला पुढचा खेळ हाच," तो म्हणाला. "खालची सांगली." तिथल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं की पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. आतली कोंडलेली हवा आधी जाऊ द्यायची, नाहीतर माणूस गुदमरतं. अवधूतनं हे लिहून घेतलं, खेळात उपयोगी पडेल म्हणून.

संध्याकाळी माझ्या ठिपक्यावर इलाज काढला. फोन कितीही भरकटला तरी खेळ त्याला ओढून आपल्या आखलेल्या वाटेवर आणणार. आम्ही त्याला दावं म्हणायचं ठरवलं.

"पण लक्षात ठेव," अवधूत म्हणाला, "ह्यात खरोखर वाट सोडून गेलेला माणूससुद्धा तुला वाटेवरच दिसेल."

"माझ्या आईला वाट सोडायला फुरसत कुठंय!"

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दावं लागू पडलं. आईचा ठिपका सरळ देवळाच्या वाटेवर, तिथंच शांत बसून राहिला. इतकी नेटकी रेघ मी आजवर पाहिली नव्हती. अवधूतला कळवलं, त्यानं नाचणाऱ्या माकडाचं चित्र पाठवलं.

आई मात्र उशिरा आली, केसात आबोलीचा गजरा. भजनाला गजरा कुणी दिला विचारलं तर म्हणाली, "दिला एका लेकीनं." देवळात येणाऱ्या पोरी किती मायाळू असतात.

३० नोव्हेंबर, रविवार

आज थोडक्यात वाचले. आई ओट्याशी फोन ठेवून मंगळवार तळ्याची गोष्ट परत ऐकत होती (एकदा ऐकलेली गोष्ट फोनात राहते), कशी कुणास ठाऊक तिनं ती मोठ्यानं लावली. बाबा दारात उभे. मी कोपऱ्यात. गोष्ट संपेपर्यंत तिघंही हललो नाही.

"ही गोष्ट कुनाची?" बाबांनी विचारलं.

"माझी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? खरं नाव तोंडातून आलं असतं तर खेळ तिथंच बंद पडला असता.

"तुझी?"

"माझीच."

"हं," म्हणाले आणि अंगणात गेले. आई शेगडीकडं तोंड करून काहीतरी ढवळत राहिली, भांडं रिकामं होतं.

रात्री जेवण झाल्यावर बाबांनी आपला जुना फोन माझ्यापुढं सरकवला. "माझ्या फोनातबी घाल ते." मला आनंदानं काय करू आणि काय नको झालं. सुभेदारसाहेब पोरखेळात उतरले!

त्या जुन्या फोनवर नवा खेळ बसेना, म्हणून दाव्याच्या आधीचा घातला. रेघेचं त्यांनाही सांगितलं, तर म्हणाले, "रेघ न्हाई तर रेघोटी वढ, मला ती गोष्ट ऐकू आली म्हंजी बास."

२ डिसेंबर, मंगळवार

बाबा बैठकीला गेले, खिशात फोन, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. सैनिकांतही एकेकाला गोड लागतं.

आणि ठिपका! बैठक पोवई नाक्याजवळ असते, ते एका टोकाला, माची दुसऱ्या टोकाला. तरी ह्यांचा ठिपका माचीत! आईचा जिथं जाऊन बसायचा त्याच बोळात! मी स्क्रीनवर चापट मारली. म्हणजे दोष राजवाड्याजवळच्या भिंतींचा नाहीच, त्या बोळातच काहीतरी आहे जे फोन ओढून घेतं. एखादा मोबाईलचा मनोरा असेल, विजेचं काहीतरी असेल.

बाबा आले ते अंगणातच थांबले. मी विचारलं, "गोष्ट ऐकू आली का?"

"आली."

"कशी वाटली?"

"ज्याची त्याला पोचली," म्हणाले आणि पाय धुवायला गेले. लष्करी माणसं कौतुकसुद्धा कोड्यात करतात.

३ डिसेंबर, बुधवार

अवधूत फोनवर हसलाच. "अगं, दोन वेगळे फोन, दोन वेगळे दिवस, दोन वेगळ्या वाटा. असे दोन फोन एकाच जागी चुकत नसतात. तू एकदा तिथं जाऊन बघ की!"

खरंच की. मी इतके दिवस घरात बसून दावं वळत होते, आणि त्या बोळात एकदाही गेले नाही. परवा जाते. माझा फोन नेते आणि बघते, मला कुठं ओढतो ते.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज अक्षर वाईट येणार.

सकाळी गेले. माचीत धुकं इतकं दाट की घरं निम्मीच होती, वरचे मजले नाहीतच. बोळाच्या तोंडाशी फोन काढला. माझा ठिपका जिथं मी, तिथंच. चार पावलं गेले, ठिपका चार पावलं आला. काडीची चूक नाही. मी तशीच वेड्यासारखी फोनकडं बघत चालत होते, तेवढ्यात भिंतीवर खडूचं चित्र दिसलं. उलटी घरं, छपरं खाली, दारं वर, दारात उलटी माणसं.

दार उघडंच होतं. आतून कणकेचे हात घेऊन ताई आली.

"किती उशीर केलास गं नंदे," ती म्हणाली.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि ढसाढसा रडले, कणीक माझ्या केसांना लागली, तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या मानेवर. ती जाड झालीय. पुढचे दोन केस पांढरे झालेत. आवाज तोच.

मग सगळं कळलं. दाजींच्या बँकेनं जूनमध्ये त्यांना साताऱ्याला बदली दिली. ताई एका शाळेत चित्रकला शिकवते. आई तिला मंडईत भेटली, हातात मेथीची जुडी, ती जुडी तशीच धरून आई तिच्या मागोमाग घरापर्यंत आली. बाबांनी, कुठून कळलं देव जाणे, तिला शाळेच्या फाटकाशी गाठलं. "पत्ता सांग," म्हणाले. पत्ता ऐकला, मान हलवली आणि निघून गेले. पुढच्या मंगळवारी दारात हजर, पेढ्यांचा पुडा पुढं करून.

"दोघंही येतात?" मी किंचाळलेच.

"दोघंही. पण बाबांना कळू द्यायचं नाही ही आईची शपथ, आणि आईला कळू द्यायचं नाही ही बाबांची. आई म्हणते, त्यांनी आंघोळ केलीय, त्यांचा शब्द मी मोडला असं वाटायला नको. बाबा म्हणतात, तिच्यादेखत आंघोळ केली मी, आता तिला कुठल्या तोंडानं सांगू. म्हणून मी वार वाटून दिलेत. मंगळवार त्यांचा, गुरुवार तिचा."

"आणि मला कुणीच का नाही सांगितलं?"

"दोघांचंही एकच म्हणणं. नंदीच्या पोटात काही राहत नाही."

रागही आला आणि हसूही. मी खेळाचं खरं कारण पोटात लपवून हिंडतेय आणि हे माझ्या पोटाबद्दल बोलतायत! ताईनं पोळपाट ओढला, डोळे पुसले, म्हणाली, "मंगळवारी बाबांनी फोन माझ्यापुढं ठेवला. म्हणाले, ऐक, ही गोष्ट तुझी हाय का न्हाई? नंदी म्हनती तिची हाय. मग मी ऐकली. ताटावर बसतं, कुणी विचारत नाही, हे तुझं ना?"

"माझं."

"बाबा तिथं भिंतीकडं तोंड करून उभे होते," ती म्हणाली. "बरं, आता तुला कुठला वार देऊ?"

मी म्हटलं, रविवार. पण सगळ्यांना मिळून.

७ डिसेंबर, रविवार

ताई घाबरते आहे. मीही. तिचं म्हणणं, आहे हे काय वाईट आहे? दोघं येतात, जेवतात, बोलतात. समोरासमोर आले आणि बाबांना लाज वाटली तर ते मंगळवारही सोडतील. आठ वर्षांनी मिळालेला बाप पुन्हा जाईल. "खेळ तुझा आहे नंदे," ती म्हणाली, "पण हरलीस तर मंगळवार माझा जाईल."

पण घरात काय चाललंय ते आता मला दिसतं. आई बाबांचा शर्ट इस्त्री करते आणि बाबा बैठकीला जातात. बाबा आईला म्हणतात, "भजनाला उशीर व्हतोय तुला." एकमेकांना किती सांभाळून खोटं बोलतात! एकाच ताटातलं सुख दोघं चोरून खातायत.

मुद्दाम विचारलं, "बाबा, माचीत एखादा हौद असेल का हो, खेळाला?"

"माचीत?" त्यांनी पेपर खाली केला. "न्हाई न्हाई. तिकडं काय बी न्हाई. रस्ता खनलाय समदा."

आई आतून लगेच, "व्हय, लय खनलाय."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलंसुद्धा नाही.

१० डिसेंबर, बुधवार

खेळाचा शेवटचा टप्पा केला, रविवारी दोघांना एकाच वेळी ताईच्या दाराशी पोचवणारा. ताई हो म्हणाली, फार वेळानं आणि मनावर दगड ठेवून. माझी अट होती की मी तिच्या घरी बसणार. ती म्हणाली, "तू नकोस. तू असलीस की ते दोघं तुझ्यावर ओरडून मोकळे होतील आणि मुख्य गोष्ट राहून जाईल." ताई पहिल्यापासून माझ्यापेक्षा हुशार आहे.

दोघांच्या वाटा वेगळ्या. आई राजवाड्याकडून येईल, बाबा समर्थ मंदिराकडून. शेवटच्या गोष्टीत मी फक्त एवढंच म्हटलंय: "आता पुढं आवाज नाही. पुढची वाट तुम्हाला ठाऊक आहे." दावं काढून टाकलं, आईच्या फोनातलंही.

१४ डिसेंबर, रविवार

आज सकाळी उशिरापर्यंत धुकं होतं. दोघांना सांगितलं की आज पूर्ण खेळाची चाचणी, एकेकट्यानं चालायचं, कुणी कुणाला विचारायचं नाही. आई आधी निघाली. बाबा नंतर, मिशीला कंगवा मारून.

मी स्वयंपाकघरात फोन समोर ठेवून बसले. दोन ठिपके. आई तळ्याशी थांबली, गोष्ट ऐकली, पुढं गेली. बाबा प्रत्येक हौदाशी गोष्ट संपेपर्यंत थांबत होते, शिस्तीत. मग दोघांची शेवटची गोष्ट संपली. आई जराही न थांबता माचीकडं वळली. बाबा थोडे थांबले आणि वळले.

आई बोळाच्या तोंडाशी पोचली. बाबा वरच्या कोपऱ्यावर आले. दोन्ही ठिपके जागच्या जागी उभे.

दिसलं असणार एकमेकांना. धुक्यातसुद्धा ह्यांना एकमेकांची चाल कळते. काहीच हलेना. मग बाबांचा ठिपका मागं फिरला.

मी "बाबा, नको" म्हणून मोठ्यानं ओरडले, रिकाम्या घरात. ठिपका उताराला लागला, समर्थ मंदिराच्या दिशेनं, भराभर. मला वाटलं, गेलं. मी ताईचा मंगळवार घालवला. देवा, कुठली दुर्बुद्धी झाली मला!

आईचा ठिपका हलला. माझी आई, जी जिन्याच्या दोन पायऱ्या चढली की कठडा धरते, ती बोळ ओलांडून बाबांच्या मागं निघाली. चालत नव्हती ती, पळत होती, रेघ बघूनच कळत होतं. समर्थ मंदिराच्या अलीकडं तिनं त्यांना गाठलं. दोन्ही ठिपके एकाला एक लागले आणि थांबले.

बराच वेळ तसेच राहिले. ती काय बोलली, ते काय बोलले, मला कधी कळणार नाही आणि कळायला नकोही. मग दोन्ही ठिपके चढाला लागले, हळूहळू, आईच्या चालीनं. कोपरा आला. बोळ आला. ताईचं दार आलं, आणि दोन ठिपक्यांतला कुठला कुणाचा ते मला ओळखू येईना.

मी टेबलावर डोकं ठेवून रडत होते तेव्हा फोन वाजला. बाबा.

"नंदे, कुठं हाइस?"

"घरी आहे, बाबा."

"घरी बसून काय करतीस? हिकडं ये बिगीनं. पिऊनं च्या टाकलाय."

आठ वर्षांनी ते नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं, आणि मागून आईचं हसणं ऐकू आलं. मी दार ओढून घेतलं आणि पळत सुटले. राजवाड्यापाशी पायांना गार लागलं तेव्हा कळलं, मी अनवाणीच निघालेय.